साठ इंच

वही आहे माझ्याकडे, लाल पुठ्ठ्याची,
कोपरे उंदरांनी खाल्लेली.
वीस वर्षांतले सगळे राजे, दरोडेखोर, इन्स्पेक्टर
तिच्यात छाती-कंबर-बाही होऊन झोपलेत.

त्याचं पान काढते.
खेमराज. आडनाव लिहिलेलं नाही, तेव्हाही लागत नव्हतं.
पहिलं माप शिसपेन्सिलीनं : कंबर चौतीस.
तेव्हा तो वडशाच्या कंपनीत दुसऱ्या अंकात मरायचा,
रोज रात्री, दीडशे रुपयांत,
आणि पडदा पडला की उठून विचारायचा,
"पंचफुलाबाई, रगत जास्त तर नाई झालं ना जी?"
कुंकवाचं पाणी असायचं ते.
सदऱ्यावरून निघता निघायचं नाही.

मग तो सिनेमात गेला.
ब्रह्मपुरीच्या टॉकीजवर त्याचं तोंड एवढं मोठं
की डाव्या भुवईतला व्रण
(आमच्याच मंडपाची बल्ली लागली होती)
रस्त्यावरून दिसायचा.
पोरं ब्लेडनं भुवई कापून घेऊ लागली.

मंडईला मात्र यायचाच.
दिवाळी झाली की गावात एक नाटक, फुकट.
गाडी तलावाच्या पाळीवर सोडून
धानाच्या बांध्यांमधून पायी, चपला हातात,
आणि घरी जायच्या आधी माझ्या मशीनपाशी.
"घ्या माप."

बत्तीस.
मला वाटलं, हिरो लोक कमी जेवतात.
पुढच्या मंडईला तीस.
सरपंच माईकवर म्हणाला, पहा, किती फिट ठेवलं शरीर.
टाळ्या पडल्या.
मी पॅन्टला आतून दोन चिमटे घेतले,
एक शिवण मारली, मिटवलं प्रकरण.

त्या रात्री दोन अंकांच्या मधात
तो तीनदा टमरेल घेऊन धुऱ्याकडे गेला.
पेटीवाला म्हणाला, एवढा मोठा झाला तरी भेव सुटलं नाई याचं.
सकाळी कपडे धुताना मला दिसलं.
कुंकवाचं पाणी नव्हतं ते.
कुंकू पाण्यात पसरतं. हे पसरत नव्हतं.

मी विचारलं. तो हसला, व्रण हलला.
"मूळव्याध आहे जी. गाडीत बसून बसून.
कोणाले सांगू नोका."
मी सांगितलं नाही.
सारं गाव ज्याचं बोलणं पाठ म्हणायचं
त्याचं एकच वाक्य मी पाळलं,
आणि ते हे.

शेवटचं माप अठ्ठावीस. बॉलपेननं.
आकड्याभोवती गोल केलेला आहे,
कधी केला, आठवत नाही.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत बातमी आली.
एक्केचाळीस वर्षांचा होता.
टीव्हीवर सांगत होते, मोठ्या आतड्याचा.
चौकातले पुरुष म्हणाले, आजार.
कसला, तर तसला.
पानठेल्यावर फोटोला हार चढला,
जागेचं नाव कोणी घेतलं नाही.
त्याची आई तेवढी विचारत होती सगळ्यांना,
"पोटातच होतं ना? माह्याच हातचं खाल्लेलं पोट ना ते?"

मी उपकेंद्रातल्या नर्सबाईला विचारलं,
हे आतडं असतं तरी किती लांब?
ती लसीच्या डब्यात बर्फ भरत होती.
म्हणाली, असेल पाचेक फूट.

पाच फूट म्हणजे साठ इंच.
गळ्यातला टेप काढून मी टेबलावर पसरला.
एका टोकाला पितळी पट्टी, दुसऱ्या टोकाला पितळी पट्टी,
मधले आकडे बोटांनी पुसट झालेले.
एवढंच.
एवढंच त्याच्या आत गुंडाळलेलं होतं
आणि मी बाहेरून मोजत राहिले.

यंदाही मंडई झाली.
नवी पोरं आली माप द्यायला, कापलेल्या भुवयांची.
आता मी कंबर लिहिते आणि विचारते,
संडासला रगत जाते का रे?
पोरं एकमेकांना ढकलतात, खिदळतात,
बाई पागल झाली म्हणतात.
म्हणू देत.

काल एक जण हसला नाही.
सुकराम, बल्ल्या ठोकणारा. त्याचं माप नव्हतंच घ्यायचं.
हातोडी इकडची तिकडच्या हातात घेत
पोरं जाईपर्यंत दारात उभा राहिला.

मी मशीनवरचा पाय काढला.
बस, म्हटलं.